समुद्राची दाढी

मंगळवार पेठेत महिपतीचं सलून हुतं. सलून म्हंजी काय, दोन लाकडी खुर्च्या, चारी भिंतींना आरसे आन् वर एक पंखा. पंखा फिरला तर वारा लागायचा, न्हाय फिरला तर गिऱ्हाईक महिपतीच्या गप्पांवर वेळ काढायचं. रस्त्याकडच्या खुर्चीवर सोता महिपती, आतल्या खुर्चीवर सिद्धाराम. सिद्धाराम अक्कलकोटकडचा गडी. राग आला की कानडीत बोलायचा, आन् लई राग आला की बोलायचाच न्हाय. महिपती दिसभर बडबडायचा, सिद्धाराम दिसभर हूं म्हणायचा. बरीच वर्सं असा दोघांचा संसार सुखानं चालला हुता.

मग काय झालं, दुष्काळ सरला. लोकांच्या पोटात चार घास गेले आन् पोरांनी केस वाढवायला घेतले. कानावर केस, मानंवर केस. न्हाव्याला ह्याच्याएवढा दुष्काळ दुसरा न्हाय. त्यातच रस्त्यापल्याड येडूनं नवं सलून टाकलं आन् त्यात फिरती खुर्ची आणली. पायानं दांडा दाबला की गिऱ्हाईक वर, सोडला की खाली, ढकललं की गरागरा. लोकं दाढी वाढली नसली तरी उगं बसून यायची.

सिद्धारामनं एक दिस वस्तरा पुसता पुसता सांगून टाकलं.

"अण्णा, येडू बोलावतोय. पाडव्याला त्याची दुसरी फिरती खुर्ची येनार. ती मला देतो म्हनला."

"मग?"

"मग काय, आतली खुर्ची लई बसकी हाय. दिसभर वाकून वाकून कंबर धरती. त्याची खुर्ची वर करता येती. पाडव्यापातूर हाय हितं, मग जातो."

आता बघा, माणूस सरळ कंबर म्हणला. म्हणला आन् हात लावून दाखवली. पण महिपतीच्या कानात ते शिरलं आन् दुसऱ्या कानानं येडूच्या सलूनात गेलं. त्याला वाटलं, कंबर हे निमित्त, ह्याला झगमगाट पायजे. येडूकडं रंगीत ट्यूबलाईट, येडूकडं गर्दी, म्हणून हा पाघळला. सिद्धाराम गेला तर हूं कोण म्हणणार? पण 'जाऊ नगं बाबा' एवढं बोलायला त्याची जीभ वळंना. दिसभर चालणारी जीभ, ऐन टायमाला बैलावानी बसली.

"जातो म्हनं!" तो म्हणला. "येडूकडं खुर्ची फिरती ना? मी अशी चीज आनतो की सगळं सोलापूर फिरत फिरत हितं यील. मग बघू तू कसा जातोस."

"हूं," सिद्धाराम म्हणला.

चीज कुठली, तर समुद्र.

महिपती मागं मेव्हण्याच्या लग्नाला मुंबईला गेला हुता. तितं त्यानं काचेच्या पेट्यांत खाऱ्या पाण्यातले मासे बघितले. सोनेरी, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. आता सोलापुरात मासे कुणी बघितले न्हाईत असं न्हाय, बाजारात सुकट-बोंबील वासासकट मिळायचं. पण जित्ता समुद्र, पेटीत घातलेला? तो कुणाच्या बापानं बघितला न्हवता.

मानसिंग म्हणून एक ट्रकवाला त्याचं गिऱ्हाईक हुता. चादरींचे गठ्ठे रत्नागिरीला न्यायचा, येताना सुकी मासळी आणायचा. महिपतीनं त्याला गळ घातली. मानसिंगनं प्लॅस्टिकच्या मोठाल्या कॅनांत समुद्राचं पाणी आणलं, गोणीभर वाळू आणली, आन् एका डब्यात हाताएवढा... न्हाय, बोटाएवढा एक मासा आणला. पिवळसर अंगावर काळे पट्टे. पट्टे बघून लोकांनी लगेच त्याचं नाव हवालदार ठेवलं.

"आन् हे शंख त्या कोळणीनं दिल्यात," मानसिंग एक ओली पिशवी देत म्हणला. "पेटीसाठी."

महिपतीनं पिशवीत बघितलं. मूठ-मूठ शंख, चिखलानं माखलेले. असली घाण पेटीत? त्यानं ते सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातले, ब्रशनं घासले, आन् आरशापुढं पावडरच्या डब्यांशेजारी वळीनं मांडले. दोन दिसांनी सलूनात असा वास सुटला की गिऱ्हाइकं आपापली काखच हुंगायला लागली. वास कशाचा ते कळंपातूर महिपतीनं मेलेली घूस हुडकत मोरी उपसून काढली.

काचेची पेटी लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत, फटींत लुकण भरून बसवलेली, चांगली खाटंएवढी लांब. ती त्यानं मुद्दाम रस्त्याकडच्या तोंडाला घडवंचीवर मांडली. सकाळचं ऊन थेट तिच्यावर. आन् ऊन पेटीतनं आत शिरायचं ते चारी आरशांत आपटून परत पेटीवरच यायचं. हवालदार असा झळकायचा की बस. हवेसाठी पुण्याहून एक छोटा पंप आणलेला. लाईट गेली की गिऱ्हाइकाच्या हातात सायकलचा पंप द्यायचा, "जरा मारा, तवर साबन लावतो."

पयल्या दिवशी गर्दी उसळली. पण सोलापूरचा माणूस, बघून कुठला इश्वास ठेवतोय? "खरंच समुद्राचं हाय का?" म्हणत जो तो बोट बुडवून चाटायचा. मग "आयला, खारट हाय!" म्हणून दुसऱ्याला बोलावायचा.

महिपतीनं सिद्धारामकडं बघितलं. "काय? हाय का येडूकडं?"

"हूं," सिद्धाराम म्हणला, आन् बसक्या खुर्चीवर वाकला.

ऊन वाढाय लागलं तसं पेटीतलं पाणी उतराय लागलं. महिपतीनं हिरीचं पाणी आणलं, त्यात खडेमीठ विरघळवलं, आन् पेटीत ओतायला उचललं.

"अण्णा," सिद्धाराम आतनं म्हणला, "आमटी आटली तर मीठ घालताय का पानी?"

"ही आमटी न्हाय, समुद्र हाय."

"पानी उडून जातंय. मीठ कुटं जातंय? ऱ्हातंय की खालीच."

महिपतीनं जरा इचार केला. मग "मी तुला बघत हुतो, ध्यान हाय का," म्हणत साधं पाणी ओतलं. पण त्या आधी दोन कळश्या खारट गेल्याच हुत्या. हवालदार तोंड वाकडं करून फिरत हुता.

आता खरी गंमत. एक दिस सकाळी फळ्या काढल्या तर काचेला तपकिरी पुट चढलेलं, कुणी आतनं तपकीर सारवल्यावानी. महिपतीनं फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिशी परत. हवालदार धुक्यातनं बघितल्यागत दिसायचा. महिपतीच्या डोस्क्यात न्हाव्याचा इचार आला.

"शिद्राम, वस्तरा घे."

"कुनाची?"

"समुद्राची."

मग रोज सकाळी पयली दाढी समुद्राची. सिद्धाराम बाही वर करून पेटीत हात घालायचा, वस्तरा आडवा धरून काच वरनं खाली खरवडायचा. तपकिरी पुट पापुद्र्यानं सुटायचं. वरची काच सोपी, पण खालच्या कोपऱ्यापातूर जायला अंग दुमतं करावं लागायचं, खांदा पाण्यात, गाल काचेवर, कंबर हवेत. बाहेर लोक थांबून बघायचे. "उलट्या वस्त्र्यानं घ्या हो सिद्धाराम, गुळगुळीत हुती!" "गालाला तुरटी लावा समुद्राच्या!" येडू आपल्या दारात उभा राहून दात काढायचा. खाऱ्या पाण्यानं वस्तरे गंजले ते येगळंच.

"अण्णा, कंबर..." सिद्धाराम म्हणायचा.

"पाडव्याला लोकं येड्यावानी येतील बघ," महिपती म्हणायचा.

तपकिरी जरा कमी झालं तर हिरवं आलं. हिरवं साधं न्हाय, केसाळ. वाळूवर, पंपाच्या नळीवर, काचेच्या सांध्यांत लांब लांब हिरवे केस. हवालदार त्यात गुंतून बसायचा. समुद्रानंबी पोरांवानी केस वाढवायला घेतले. महिपती हतबल झाला. जगातले केस कापून पोट भरणारा माणूस, आन् ह्या केसांपुढं हरला. आज कापले की उद्या डबल.

सलून म्हंजी सल्ल्यांचं आगर. सांगोल्याचा एक डाळिंबवाला म्हणला, "हिरीत शेवाळ झालं की आमी मोरचूद टाकतो. चिमूटभर टाका, सगळं सफा."

"आन् मासा?"

"माशाचं आमाला ठावं न्हाय. हिरीत मासा नसतुया."

ते मोरचूद ऱ्हायलं. पण दुसऱ्यानं जे सांगितलं ते महिपतीच्या मनात बसलं, कारण ते त्याच्या हातातच हुतं. "घरी गढूळ पानी आलं की आपन तुरटी फिरवतो न्हवं?" महिपतीनं ड्रॉवरमदली मोठी तुरटीची वडी काढली, दाढीनंतर गालावर फिरवायची ती, आन् पेटीत बाही बुडवून गोल गोल फिरवली. वर थोडी खिसूनबी टाकली, हात सैल सोडून.

पाणी दुधागत झालं. मग त्याच्या फाटलेल्या दुधागत गाठी झाल्या. गाठी खाली बसल्या, हवालदार वर आला. पाण्याच्या तोंडाशी येऊन ओठ उघडझाप कराय लागला, परीक्षेला बसल्या पोरावानी.

"अय्य, येन इद! काय हे!" सिद्धाराम ओरडला. "मारताय का काय त्याला!" गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून त्यानं मागं ठिवलेले समुद्राचे कॅन ओढून आणले, निम्मं पाणी बादलीनं उपसून रस्त्यावर ओतलं आन् नवं आत सोडलं. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सायकलचा पंप मारत ऱ्हायलं. हवालदार वाचला. सिद्धारामनं कंबरंवर हात ठिवून जे कानडीत बोलायचं ते बोललं, आन् मग संध्याकाळपातूर बोललाच न्हाय.

तवा वेणीमाधव मास्तर आले. शाळेत शास्त्र शिकवायचे. दर आठवड्याला मिशा कातरून घ्यायला यायचे आन् पेटीकडं बघून मान हलवायचे. त्या दिशी मात्र खुर्चीत बसायच्या आधीच बोलले.

"महिपती, शेवाळ म्हणजे काय? रोपच. रोपाला काय लागतं? ऊन आणि खत. तू दोन्ही घालतो आहेस."

"खत? मास्तर, मी कशाला खत घालू?"

मास्तरांनी पेटीच्या तळाकडं बोट दाखवलं. हिरव्या केसांत चुरमुरे अडकलेले. कणकेच्या गोळ्या कुजून मऊ झालेल्या. एक शेव. अर्धी भजी.

"हे सगळं कुजून खतच होतं. आणि ऊन तर तू आरशांनी चौपट केलंयस. काचेचं शेत पिकवतोयस तू."

आता चुरमुऱ्याचं असं हुतं. सोलापूरच्या माणसाला मासा दिसला की हात खिशात जातो. सिद्धेश्वराच्या तळ्याला गेलं की माशांना चुरमुरे, कणकेच्या गोळ्या टाकायच्या, पुण्य लागतं. ते पुण्य आता पेठेतच मिळायला लागलेलं. तळ्यापातूर कोण चालतंय? येणारा-जाणारा मूठ सोडून, नमस्कार करून पुढं.

सगळ्यांत पुढं दगडाबाई. कोपऱ्यावर भाजी विकायची. गुडघे धरल्यापास्नं तिचं तळ्याला जाणं सुटलं हुतं. सलूनात बाईनं कशाला यावं, ती पायरीवर उभी राहून वरनं गोळ्या टाकायची.

महिपतीनं पाटी लावली, माशाला काही घालू नये. दगडाबाईला वाचता येत न्हवतं.

"मावशे, घालू नगं ग आता."

"का रं? मुडद्या, तुज्या बापाचा मासा हाय, म्हनून त्याला उपाशी मारतोस व्हय? मुक्या जिवाचा तळतळाट घिऊ नगंस."

तिच्यापुढं महिपतीची जीभ कायम आखूड. त्यानं शक्कल लढवली. "मावशे, हवालदाराचा उपास हाय. नवस केलाय. पाडव्यापातूर काय खात न्हाय त्यो."

दगडाबाईनं कपाळाला हात लावला. "माजे आई! मासा आन् उपास! केवढा पुण्यवान जीव म्हनायचा." आन् हात जोडून गेली. महिपतीनं सिद्धारामकडं असं बघितलं जणू लंका जिंकली.

दुसऱ्या दिशी दगडाबाई पायरीवर हजर. हातात पितळी. पितळीत शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, तुपासकट.

महिपती "मावशे, थांब थांब" म्हणत धावला, तवर निम्मी समुद्रात. तुपाचे डोळे पाण्यावर तरंगाय लागले.

"उपासाचीच हाय रं," ती म्हणली. "मीठबी सैंधव घातलंय."

त्या दिवशी सिद्धाराम पयल्यांदा हसला. पेटीतनं एक-एक साबुदाणा चमच्यानं येचता येचता हसला, आन् हसता हसता कंबर धरली म्हणून खाली बसला. महिपतीलाबी हसू आलं. दोघं पेटीच्या दोन अंगाला बसून डोळ्यातनं पाणी येईस्तवर हसले. महिपतीला वाटलं, आता हा कुटं जात न्हाय.

तवर मानसिंग रत्नागिरीची खेप करून आला, ते रागातच.

"कोळनीला सांगितलं, शेवाळ लई झालंय. तिनं इचारलं, शंख दिले हुते त्ये कुटं हायत? मी म्हनलं, आरशापुढं. अण्णा, तिनं मला भर बाजारात अशा शिव्या हासडल्या, ट्रक सोडून पळायची येळ आली. त्यात जित्त्या गोगलगायी हुत्या! त्याच काच चाटून साफ करत्यात!"

नव्या शंखांची पिशवी ह्या बारीला थेट पेटीत गेली. सकाळी बघतो तर शंखांना पाय फुटलेले, काचेवर चढून हळूहळू चाटत निघालेत, आन् जितनं गेले तितं मागं लखलखीत पट्टा. मशीन मारल्यावानी.

पण मास्तर म्हणले, ऊन तोडल्याबिगर उपेग न्हाय. महिपती कधी अर्धं काम करत न्हाय. त्यानं पेटीच्या तोंडाला गोणपाट ठोकलं आन् चारी आरशांवर सोलापुरी चादरी टांगल्या. सलूनात दिवसा अंधार, दिवाबी लावायचा न्हाय. लोकं डोकवून हळू आवाजात इचारायची, "कोन गेलं?"

"कोन न्हाय गेलं. बसा."

"बसतो, पन खुर्ची कुटं हाय?"

पाणी नितळलं, खोटं न्हाय बोलत. हिरवे केस पिवळे पडले, गळाले, उरलेले शंखांनी चाटले. गोणपाटाचा कोपरा उचलून बघितलं की हवालदार सोन्याच्या तुकड्यागत दिसायचा. महिपती खूश. पाडवा तोंडावर आलेला. पाडव्याला चादरी काढायच्या, सगळी पेठ बोलवायची, आन् सिद्धाराम म्हणणार, अण्णा, हे सोडून मी कुटं जाऊ?

त्याच टायमाला वैरागचं एक लग्नाचं वऱ्हाड बस्ता बांधायला सोलापूरला आलं. नवरदेवाची मिशी कोरायची हुती. मामा रावजी संगट. येडूकडं गर्दी, म्हणून हितं शिरले. नवरदेव आतल्या खुर्चीत बसला. सिद्धारामनं अंधारात डोळे ताणून डावी बाजू कोरली, उजवी कोरली. मामानं चादरीचा कोपरा उचलला.

"उजवी जाड ऱ्हायली."

सिद्धारामनं उजवी घेतली. कोपरा उचलला.

"आता डावी जाड."

डावी घेतली. कोपरा उचलला. नवरदेवानं आरशात बघितलं, बोट लावून बघितलं. नाकाखाली एक माशी बसल्याएवढं काळं उरलं हुतं.

"आरं हे काय केलंस रं! उद्या हळद हाय! मानसं इचारतील, नवरदेव कुटं हाय, ह्यो तर त्याचा धाकटा भाऊ!" मामा चादर ओढून उभा ऱ्हायला. "आन् तू रं मालक, सलून काडलंयस का वटवाघळांची गुहा?"

उरलेली माशी काढून घ्यायला ते समोर येडूकडं गेले.

सिद्धारामनं कात्री पुसली. कंगवे पुसले. भिंतीवरची धोकटी काढली आन् एक-एक हत्यार तिच्यात भराय लागला. पाडव्याला अजून अवकाश हुता.

"मालक," तो म्हणला. अण्णा न्हाय, मालक. "तुमचा समुद्र झाला चकचकीत. पन मी न्हावी हाय, घुबड न्हाय. आजवर माज्या हातनं कुनाची मिशी गेली न्हवती."

महिपतीच्या तोंडाशी आलं, जाऊ नगं. ओठापातूर आलं. आन् बाहेर काय पडलं, तर, "तुजा वस्तरा ऱ्हायला हितं."

सिद्धारामनं वस्तरा उचलला. त्यावर समुद्राचा गंज हुता. तो परत ठिवून दिला आन् रस्ता ओलांडून गेला.

सकाळी महिपतीनं गोणपाट आन् चादरी काढल्या. पाणी असं स्वच्छ की पेटी रिकामीच वाटावी. हवालदार मजेत. पण बघायला कुणाला बोलवावं? सिद्धारामची नेहमीची गिऱ्हाइकं सवयीनं आली आन् सवयीनं आतल्याच खुर्चीत बसली. "तिकडं बसा की," महिपती म्हणायचा. "न्हाय, माजी खुर्ची ही." म्हणून महिपतीला इतक्या वर्सांत पयल्यांदा आतल्या खुर्चीवर काम करायला लागलं.

पयली दाढी केली. खुर्ची बसकी म्हंजी केवढी बसकी! गिऱ्हाइकाची हनुवटी न्हाव्याच्या बेंबीजवळ. दुसरी केली. तिसरीला पाठीत काहीतरी कडकन वाजलं. गिऱ्हाइकाला वाटलं खुर्ची मोडली. महिपती सरळ व्हायला गेला तर हुईना. काटकोनात अडकला. गिऱ्हाईक उठून, पैसं ठिवून गेलं तरी हा तसाच, रिकाम्या खुर्चीला नमस्कार घालत.

दगडाबाई पायरीवर आली. "काय रं, काय हुडकतुयास भुईवर?"

"अक्कल, मावशे."

"मग तितं न्हाय घावायची. लई आधी हरवलीया ती."

महिपती तसाच निघाला. काटकोनातच रस्ता ओलांडला. सायकलवाले घंटी वाजवून बाजूनं गेले. येडूच्या सलूनात सिद्धाराम बाकड्यावर बसला हुता. त्याची खुर्ची अजून आली न्हवती.

"या, या," येडू म्हणला. "दाढी का पायाची नखं?"

महिपतीनं त्याच्याकडं लक्ष दिलं न्हाय. वर बघता येत न्हवतं म्हणून तो सिद्धारामच्या चपलांशी बोलला.

"शिद्राम, तू कंबर म्हनला हुतास."

"हूं."

"किती बारी म्हनला हुतास?"

"रोज."

"मला आयकूच आलं न्हाय रं."

"आता?"

"आता आलं. लई मोठ्यानं आलं." महिपतीनं गुडघ्याला धरून दम घेतला. "पेटी आत हलवायची हाय. तितं सावली हाय, शेवाळ धरायचं न्हाय. एकट्यानं हुईना. आन् आतली खुर्ची... तीबी बघायची हाय काय करायचं त्ये. तू नसलास तर..." आन् हितं परत जीभ बसली. त्यानं तिला चाबूक मारल्यागत उठवली. "तू जाऊ नगं की."

येडूचं गिऱ्हाईक खुर्चीत गरागरा फिरायचं थांबलं.

सिद्धाराम उठला. "चला. पेटी उचलाय येतो. माशासाठी येतोय, तुमच्यासाठी न्हाय."

मानसिंग आन् दोघं-चौघं गोळा झाले. अर्धं पाणी कॅनात काढलं. सिद्धारामनं सोता काय उचललं न्हाय. तो "हळू, हळू, काच तुज्या बापाची न्हाय" करत फुडं चालला. मागच्या खोलीत टॉवेल वाळायचे, तितं अंधार गारवा. पेटी भुईवर बसवली, पाणी सोडलं. हवालदार एक गिरकी मारून शंखाशेजारी जाऊन बसला. ज्याला बघायचा त्यानं पडदा सारून बघावा, आन् दगडाबाईचा हात काय तितवर पोचत न्हवता.

बाहेर आले तर तोंडाला पेटीखालची घडवंची तशीच उभी. सागवानी, खाटंएवढी, समुद्र पेलणारी. सिद्धाराम तिच्याकडं बघत ऱ्हायला. मग आतल्या बसक्या खुर्चीकडं बघितलं.

"मानसिंगराव, ती खुर्ची उचला. ठिवा ह्याच्यावर."

खुर्ची घडवंचीवर चढली. मानसिंग वर चढून ऐटीत बसला, पार घोड्यावरच्या नवरदेवागत. महिपतीनं पंख्याचं बटण दाबलं. फट्ट आवाज झाला, आन् मानसिंगची टोपी उडून रस्त्यापल्याड येडूच्या दारात.

"अय्य, उतर, उतर!"

सुताराला बोलावलं. त्यानं करवत काढून इचारलं, "किती कापू?"

महिपती तोंड उघडणार, तवर सिद्धाराम खुर्चीशेजारी येऊन ताठ उभा ऱ्हायला. कोपर वाकवून हात असा फुडं धरला, वस्तरा धरल्यागत.

"गिऱ्हाइकाची हनुवटी हितं यायला पायजे. ह्या कोपराला. मार रेघ."

सुतारानं खडूनं खूण केली. घडवंचीचे चारी पाय कापले, खुर्चीच्या पायांना कडंनं पट्ट्या ठोकल्या, चढायला एक पाट मांडला. सिद्धारामनं हात फिरवून बघितला. कंबर जागची हलली न्हाय.

"आता ही माज्याच कोपराची झाली," तो म्हणला. "दुसरा कुनी ठिवाल, तर त्याला टाचा तरी उचलाव्या लागतील न्हाय तर गुडघं तरी वाकवावं लागतील."

"दुसरा कोन मरायला येतोय हितं?"

"हूं." सिद्धारामनं धोकटी उघडली, ज्याच्या-त्याच्या जागी हत्यारं लावली, टॉवेल झटकला. "चढा, अण्णा."

"मी?"

"पयला कोन तरी बसाय पायजे की. आन् दाढी बघा केवढी वाढलीया, शेवाळावानी."

काटकोनातल्या महिपतीला तिघांनी उचलून वर बसवलं. डोकं मागं टेकलं तशी पाठ हळूच सुटली आन् तो आय आय करत सरळ झाला. वरनं सगळी पेठ दिसत हुती. येडू आपल्या दारात मानसिंगची टोपी झटकत उभा. महिपतीला एकदम लई काय काय बोलायचं सुचलं. आता आजूबाजूच्या गल्लीतनं लोकं ही उंच खुर्ची बघायला येतील, पाडव्याला तोरण बांधू, येडूलाबी बोलवू...

"तोंड मिटा," सिद्धाराम म्हणला. "वस्तरा लागंल."